जुळा रेणू

माझा रेणू पेशीत कुठेही चिकटतो, असं तो विकत घेणाऱ्या संशोधक मॅडमनी इतर चार प्रयोगशाळांना कळवलं होतं. मला ते पाचव्याच माणसाकडून समजलं.

माले गावात पत्र्याच्या शेडमध्ये मी हे रेणू बनवतो. औषध जिवंत पेशीत नेमकं कुठल्या प्रथिनाला धरतं, हे शोधायला संशोधकांना ते लागतात. रेणूला चमकणारं शेपूट जोडायचं. तो प्रथिनाला बिलगला की सूक्ष्मदर्शकाखाली तेवढीच जागा उजळते. मॅडमकडे अख्खी पेशी उजळली होती.

अशा रेणूसोबत त्याचा जुळा द्यायची रीत आहे. सगळं तसंच, फक्त प्रथिनाला धरणारा हात मोडलेला. जुळाही तसाच चमकला, तर ती चमक खोटी. पण ऑर्डरच्या वेळी मॅडम किमतीवर अडून बसल्या, मी तापलो आणि म्हणालो, "मग जुळा वगळतो." त्या लगेच हो म्हणाल्या.

आता कुणी न मागता मी तो बनवला. बर्फाचा डबा गाडीत ठेवताना थोरला भाऊ आडवा आला.

"कुटं निघालास एवढ्या तावातावानं?"

"हिंजवडीला, मॅडमच्या प्रयोगशाळेत. भांडायला."

त्यानं डब्यात डोकावलं. "दोनी बाटल्या सारख्याच हायेत की रं! अदलाबदल करशील आन् माफी मागून येशील."

चौकात पाऊण तास अडकलो. तेवढ्यात तीनदा लेबलं वाचली.

मॅडमनी पेशींना दोन्ही रेणू दिले. दोन्हीकडे लख्ख उजेड.

"बघा," त्या म्हणाल्या.

माझे कान तापले. "नंतर धुतल्या किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"शेपूट तेलकट आहे, असं सुटत नाही. तासभर धुवा, द्राव बदलून बदलून."

"हे आधी सांगायचं होतंत."

"विचारायचं होतंत."

त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. तासभर खिडकी ते दार, दार ते खिडकी.

मग जुळ्याच्या पेशी काळ्या पडल्या होत्या. माझ्या रेणूच्या पेशींत केंद्रकाभोवती बारीक, स्वच्छ कडं उरलं होतं.

"त्या चौघांना लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी टाइप केलं: सुधारित रेणू नीट चालतो.

"सुधारित खोडा. रेणू तोच आहे."

त्यांनी खोडलं. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पहिल्यांदा जुळा का नव्हता, तेही लिहायला लागेल. कुणी वगळला म्हणू?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"दोघांनी," म्हणालो.