मांडवातला पहिला प्रश्न

१८५३ साली निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी आमचा वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवाली केला आणि १९०२ साली व्हाइसरॉयने तो कायमच्या पट्ट्याने घेतला. दोन्ही करारांवर एकाही वऱ्हाडी माणसाची सही नाही, म्हणून निजाम आणि व्हाइसरॉय या दोघांना मी जबाबदार धरतो. पण एक मे उजाडला, की मला आठवते ती १९६० सालची मलकापुरातली, महाराष्ट्र स्थापनेची सभा. तापलेल्या कनातींना जवळच्या जिनिंग कारखान्यातल्या सरकीचा वास येत होता आणि मुंबईचे पाहुणे "आम्ही तुम्हाला सामावून घेतले" असे सांगत होते. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी उठली. तिच्या वावराचा दावा नागपूरच्या कोर्टात पडून होता. "सायेब, आता कोनाले देलं आमाले? माहा दावा मुंबईले जाईन काय?" मागून कोणी ओरडले, "बस वं बुढे, हार घालू दे आंधी!" "घाला ना! म्या कुठी हार मांगून राह्यली?" मांडव हसला, पाहुणेही हसले आणि हार घालून घेऊन निघून गेले. दावा नागपुरातच राहील, एवढे वकील म्हणून मी तिला समजावले. तिचा पहिला प्रश्न मात्र माझ्या अधिकारातला नव्हता. तसेच पाहुणे आजही आमची मते मागायला येतात. त्यांनी त्या सभेच्याच मैदानात, लाउडस्पीकरवरून, त्या प्रश्नाचे जाहीर उत्तर द्यावे.