मामांची टगबोट

समुद्रावर एवढा जीव टाकणारा आणि पोहायला मुळीच न येणारा माणूस निपाणीतच काय, अख्ख्या घाटमाथ्यावर दुसरा सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. घरचा तंबाखूचा व्यापार भावांच्या गळ्यात मारून ते गोव्यात एका जहाजकारखान्यात वेल्डर झाले. सगळी नोकरी मासळीच्या वासात काढली, पण जैनाच्या घरचं पोट जसं नेलं तसंच परत आणलं. सोबत आणला तो कारखान्याचा इतिहास. तो ते कुठेही सांगत. एकदा कुणाच्या तरी दिवसकार्याला सगळे खाली मान घालून बसलेले असताना मामांनी कारखान्याची पहिली टगबोट पाण्यात उतरवली. मंडळी रडायचं विसरली. ती उतरली तेव्हा मामा जन्मलेही नव्हते, पण तो मुद्दा गौण. टग म्हणजे अवाढव्य जहाजांना दोर लावून बंदरात ओढून आणणारी ठेंगणी बोट. "मी नुसता मोठा दिसतोय, पावणं. वढती हीच," असं मामींकडे बघून ते मला समजावत.

ती म्हातारी टग कारखान्याने गेटाजवळ चौथऱ्यावर जपून ठेवली होती. खंडेनवमीला निपाणीत जो तो आपापल्या स्कूटरला हार घालतो. मामा मात्र झेंडूची माळ मांडीवर घेऊन एसटीने घाट उतरत आणि टगची पूजा करून येत. "तिच्या बुडाला मी ठिगळ लावलंय," हे सगळ्या एसटीला कळलेलं असे.

गेल्या खंडेनवमीला त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून मी गाडीतून नेलं. गेटाजवळ नुसता चौथरा. कारखाना दुसऱ्या कुणीतरी विकत घेतला होता.

"भंगारात गेली, आजोबा," वॉचमन म्हणाला. "कापून ट्रकनं नेली."

मामा चौथऱ्यावरचे गंजाचे डाग बघत राहिले. मग म्हणाले, "कापायच्या आदी कुणी नारळ तरी फोडलता का?"

माझा इतका संताप झाला की गाडीची किल्लीही मला सापडेना. माळ मामांनी माझ्या गाडीला घातली. रिकाम्या चौथऱ्याला घालायला त्यांचा हात होईना. बेळगाव येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या इतिहासाची वाट बघत गाडी चालवली.

परवा एका लग्नात बायकोने मुद्दाम विषय काढला. "मामा, पहिली टग पाण्यात उतरली ती गोष्ट सांगा की."

"ऱ्हाऊ दे गं."

"का ओ?"

"सांगाय लागलो की खोटं वाटतंय."

"कुणाला? आमाला न्हाय वाटत."

"मला," मामा म्हणाले, आणि पंगतीत आमटी वाढायला उठले.