शांतवन मास्तर आणि शनिवारची बैठक

शांतवन मास्तरांची आणि माझी पहिली भेट वाईच्या शाळेत झाली. मी नवा शिक्षक होतो आणि हेडमास्तरांच्या नावाने बोटे मोडीत बसलो होतो. मास्तर शेजारी बसत म्हणाले, "त्यांचं एक चांगलं सांगा. ऐकीव नको, डोळ्यांनी पाहिलेलं." मला काही सुचेना. "मग उद्या सांगा," म्हणून ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी सांगितले की, गळक्या कौलांखालचा मुलांचा बाक हेडमास्तर स्वतः ओढून बाजूला घेतात. माझा राग काही गेला नाही, पण त्याचा माज उतरला.

पुढे आम्ही दोघेही सांगलीजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत आलो. तिथे मास्तरांनी शनिवारची बैठक सुरू केली. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, घेण्याआधी, जो आपल्याला खुपतो त्याचे एक खरे चांगले प्रत्येकाने सांगायचे. उदात्त विचार आपोआप येत नाहीत, त्यांची सवय लावावी लागते, असे मास्तर म्हणत.

मास्तरांच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला 'फक्त गोड आठवणी लिहाव्यात' असे कळवले आहे. माफ करा, ते मला जमणार नाही. मास्तर म्हणजे काही साखरेची गोळी नव्हेत!

दुसरे महायुद्ध चालू होते आणि कापड मिळणे मुश्कील झाले होते. अशात मंडळीच्या दवाखान्यातून एक चादर नाहीशी झाली आणि आळ आला झाडूकाम करणाऱ्या विधवा सोनाबाईंवर. चौकशी न करताच मंडळीच्या आम्ही पाच पंचांनी त्यांना प्रभुभोजनाला बंदी करणारा ठराव केला. होय, आम्ही, कारण त्या पाचांत मीही होतो. त्या शनिवारी मास्तरांनी पंचांना विचारले, "सोनाबाईंचं एक चांगलं सांगा."

थोरले पंच खाकरून म्हणाले, "झाडूवालीचं काय सांगायचं असतंय, मास्तर?"

मास्तरांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला. "रोज तुमच्या पायाखालची फरशी पुसती ती बाई! तिच्याविषयी एक चांगला विचार कधी मनात आला न्हाई, आणि वाईट विचार मात्र लगेच आला? हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?"

मला सांगण्यासारखे होते. माझी पत्नी बाळंतज्वराने तळमळत होती, तेव्हा सोनाबाई दुपारभर तिला वारा घालीत बसल्या होत्या. मी ते या डोळ्यांनी पाहिले होते. तरीही थोरल्या पंचांची भीड पडली आणि मी मूग गिळून बसलो. आजही त्याची लाज वाटते.

रविवारी मास्तर प्रभुभोजनाला पुढे गेलेच नाहीत. चर्चच्या दाराशी सोनाबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसून राहिले. सोनाबाई त्यांना म्हणाल्या, "मास्तर, भाकरी मला कुटंबी मिळंल. पर देवाच्या ताटावरनं उठवलं, त्ये लय लागतंय. माज्यापायी तुमी नगा उपाशी ऱ्हाऊ."

"मी उपाशी न्हाई, सोनाबाई. तुमच्या पंगतीला बसलोय," मास्तर म्हणाले.

पंधरा दिवसांनी ती चादर परटाच्या गाठोड्यातून परत आली. सोनाबाईंची क्षमा एकट्या मास्तरांनी मागितली, आणि पंचांचा अपमान केला म्हणून बदलीही त्यांचीच झाली, थेट वडूजला. तिथून दर दोन-तीन महिन्यांनी ते सोनाबाईंना भेटायला येतात, त्यांच्या ओट्यावर बसून भाकरी खातात आणि प्रार्थना करतात. ज्यांनी त्यांना घालवले त्यांच्याविषयी मी तोंड सोडले, तर ते मला आजही अडवतात. माझा राग त्यांना चुकीचा वाटत नाही, पण त्या रागापायी मी माणूस पाहायचे विसरतो, असे त्यांचे म्हणणे असते.

आणि आता तीच मंडळी त्यांना हार घालायला निघाली आहे! ग्रंथ छापता, मांडव घालता, त्यांच्या उदात्त विचारांवर भाषणे ठरवता. पण सोनाबाईंवरचा तो ठराव अजून रद्द झालेला नाही, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? चादर सापडून वर्षे लोटली, तरी ती बाई रविवारी दाराशीच बसते. त्या ठरावावर माझी सही आहे आणि ती खोडायला मी तयार आहे. उरलेल्या चौघांनी समारंभाआधी यावे.

देव आदरणीय शांतवन मास्तरांना उदंड आयुष्य देवो. त्यांची दृष्टी, त्यांचे पाय आणि त्यांचा तो चढलेला आवाज शंभरीपर्यंत शाबूत राहोत. पण सोनाबाई आता सत्तरीच्या आहेत. त्यांना इतके दिवस थांबवू नका.