काळी राणी

मुंग्यांची मला किळस आहे, आणि ती उगाच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन मी पुसेगावात आले. पहिल्याच पावसाळ्यात घरची शेळी व्याली. सकाळी गोठ्यात गेले तर करडाच्या पापण्या वळवळत होत्या. लाल मुंग्या लागल्या होत्या. दुपारपर्यंत ते गेलं.

पुढच्या वर्षी शेळी पुन्हा गाभण राहिली आणि मलाही दिवस गेले. मला कशाच्याही वासाने मळमळायचं. अशात गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात पंख गळालेल्या मोठ्या काळपट मुंग्या माती उकरताना दिसल्या. राण्याच त्या, शाळेत एवढं शिकले होते. त्या लाल जातीच्या असल्या तर शेळी व्यायच्या आत कोपरा साफ व्हायला हवा होता. पण आमच्याकडे लाल मुंगीला रॉकेल आणि काळीला साखर. दोन्ही डबे सासूबाईंच्या ताब्यात. त्यांनी वाकून पाहिलं.

"काहून मारतीस? काळी हाय, देवाची हाय."

"आत्याबाई, राणीचा रंग येगळा असतो. पिलावळ बघावी लागते."

"मला नको शिकवू."

कोपऱ्यात रोज साखर पडू लागली.

मी एक राणी पकडली. चिमटीत ती ओलसर पोट वळवत होती. औषधाच्या बाटलीत ओल्या कापसावर तिला टाकलं आणि परसात जाऊन ओकले. मग रोज पाहणं आलं. आधी अंडी, मग त्यांच्या गुबगुबीत अळ्या, भाताची शितं हलावीत तशा. मला भात जाईना.

शेवटी मुंग्या निघाल्या. बारीक, लालभडक. बूच काढताना एक कडकडून चावलीही.

बाटली सासूबाईंपुढे धरली. आता तरी रॉकेल काढतील असं वाटलं. त्यांनी बाटलीत पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहून हसल्या. मला बघायला आल्या तेव्हा 'पोरगी काळी हाय' असं माझ्या तोंडावर म्हणालेल्या बाई त्या.

"म्हंजी काळीच्या पोटी बी उजळ निपजतंय, व्हय," त्या म्हणाल्या. "लई घोर व्हता मला."

 रॉकेलचा डबा मी न विचारता उचलला आणि कोपऱ्यात रिकामा केला.

करडू सुखरूप झालं, दोन्ही डोळे टक्क उघडे. नंतर मला मुलगी झाली, माझ्याहून काळी. काळ्या मुंगीला रोज साखर घालणाऱ्या सासूबाईंनी तिच्या जन्माची साखर काही वाटली नाही.