वर एक बोईट

आम्ही रोहा सोडलं त्या सकाळीसुद्धा मलकानं बाजारात घासाघीस केली. मलका माझी बायको, माहेर पेणचं. एस.टी. दुपारची होती आणि ही वाटेतल्या जेवणासाठी बोईटांचा वाटा घ्यायला बसली. कोळीण म्हणाली, "आज तरी भाव पाडू नको गो, चाललीस परमुलखात."

"म्हणून तर पाडते. तिथं कोण हाय माझं भांडायला?"

ठरले ते पैसे दिले आणि म्हणाली, "वर एक घाल." कोळणीनं दोन घातले आणि डोळ्याला पदर लावला. आमच्याकडे वाटा घेतला की वर एक मासा मागायचाच. न मागता उठलं तर विकणारीला वाटतं, गिऱ्हाईक रागावलं.

मी चौथी शिकलेला, कोकणातल्या ज्यू तेल्याचा मुलगा. मागं राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या इस्रायलला आलेल्यांना हे लिहितोय, कारण मलका जाऊन आठ महिने झाले आणि एक गोष्ट माझ्या पोटात सडतेय.

अश्दोदला मला कंपनीत काम लागलं. पहिल्याच महिन्यात आम्ही मोठ्या दुकानात गेलो. तिथं प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी. मलकानं बटाटे घेतले, गल्ल्यावरच्या बाईला बोटांनी निम्मा भाव दाखवला आणि वर एक कांदा ठेवून मराठीत म्हणाली, "हा वरचा गो." रांग हसली. रांगेत माझा फोरमन होता. त्यानं विचारलं, "ही तुझी का?"

मी म्हणालो, "लो." म्हणजे नाही. तिथल्या भाषेतला तेवढा शब्द मलकाला येत होता.

तिनं कांदा जागेवर ठेवला, चिठ्ठीवरचे पैसे दिले. घरी येऊन भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाय. पुढं चाळीसेक वर्षं माझ्याबरोबर एकदाही बाजाराला आली नाय. मी समजलो, सुधारली. चारचौघांत सांगायचो, आमची आता इथली झाली. लिहायला लाज वाटते, पण मी खूश होतो.

मागं एका शुक्रवारी तिची पिशवी घेऊन मी मासळीबाजारात गेलो. जुन्या लुगड्याची, तिनंच शिवलेली. मोरोक्कोहून आलेला एक म्हातारा मासेवाला त्या पिशवीकडं बघतच राहिला. मी बोईट घेतले, सांगितले ते पैसे पुढं केले. त्यानं हात लावला नाय.

"या पिशवीत न भांडता मासा कसा टाकू? बाई कुठं आहे?"

मी सांगितलं, गेली. तो म्हणाला, दर शुक्रवारी यायची, अर्धा तास भांडायची. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. त्यानं एक लहान बोईट उचलला आणि मला स्वच्छ मराठीत विचारलं, "वर?"

"तू तिचा कोण?"

"नवरा."

"नवरा होता?" तो म्हणाला. "मी विचारलं होतं एकदा. लो, म्हणाली."

मग मी भांडलो. रोह्याच्या बाजारात भांडतात तसा, मोठ्यानं, मराठीत. धड जमलं नाय, पण शेवटी म्हणालो, "वर एक घाल." त्यानं घातला.

रोह्याचं घर केव्हाच विकलं. अश्दोदच्या खोल्यांत भांडी पालथी पडलीत. मलकाचं घर त्या मासेवाल्याच्या फळीपुढं होतं आणि तिथं तिनं मला घेतलं नव्हतं. बरोबरच केलं. आता मी शुक्रवारी तिथं जातो. गिऱ्हाईक म्हणून.