मधल्या सुट्टीनंतरची पेंग

बदलापूर पूर्वेला, शिरगावातल्या एका शाळेत मी पाचवीला विज्ञान शिकवते. गेल्या हिवाळ्यात मधली सुट्टी संपली की माझा अख्खा वर्ग पेंगायला लागायचा. मी ओरडून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी म्हटलं, यावरच तास घेऊ.

घरी बसून नीट आखणी केली. फळ्याच्या उजवीकडे परिणाम लिहायचा: 'सुट्टीनंतर झोप येते.' डावीकडे रिकाम्या चौकटी, त्या मुलांनी कारणांनी भरायच्या. उत्तर मी धरूनच चालले होते, पोटभर डबा. मुलं तिथवर पोचतील असे प्रश्नही काढून ठेवले.

चौकटी पटापट भरल्या. डबा, रात्रीचा मोबाइल, बंद खिडक्या. शेजारी टॉवरचं काम चालू होतं, धूळ नको म्हणून आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. एक जण म्हणाला, "टीचर, तास बोअर होतो." तेही लिहिलं.

"उद्या अर्धाच डबा खायचा आणि खिडक्याही उघडायच्या," मी म्हटलं. "बघू काय होतं."

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "पण टीचर, दोन्ही एकदम केलं आणि झोप नाही आली, तर कशामुळे नाही आली ते कसं कळणार?"

माझ्या आखणीत हा प्रश्न नव्हता. "मग तूच सांग, कसं करायचं?"

"एका दिवशी एकच."

तसं ठरलं. आधी जांभया मोजायला घेतल्या, तर सगळेच जांभया द्यायला लागले, मीसुद्धा. मग सुट्टीनंतर सोपी गणितं देऊन कोणाची किती सुटतात ते पाहू लागलो. अर्ध्या डब्याने काहीच फरक पडला नाही, उलट भुकेची कुरकुर वाढली. खिडक्या उघडल्या त्या दिवशी मात्र वह्यांवर धूळ बसली तरी गणितं भराभर सुटली. खात्री करायला मुलांनी खिडक्या पुन्हा लावून पाहिल्या. पुन्हा पेंग. डब्याचं माझं उत्तर मी स्वतःच फळ्यावरून पुसलं. थोडं वाईट वाटलं, पण मजाही आली.

मोबाइलची चौकट तशीच राहिली. रात्री मोबाइल बंद ठेवायला कोणी तयार होईना.

मुख्याध्यापिकांना मुलांनीच जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आम्हाला मागच्या बाजूची खोली दिली, तिकडे धूळ येत नाही. बाकं हलवताना एवढा गोंगाट झाला की शेजारच्या वर्गावरचे सर दार उघडून बघायला आले.