अरात किलोचा कर्णावाला

अरात किलो म्हणजे चार किलोमीटर. कुठून चार, हे मात्र विचारू नये. अदिस अबाबात राहून ज्याला सकाळी सकाळी भांडण उकरून काढायचं असेल, त्यानं चौकातल्या कुठल्याही कॉफीच्या टपरीवर हा प्रश्न टाकावा आणि बाजूला होऊन मजा बघावी. कुणी राजवाड्यापासून मोजतो, कुणी स्टेशनापासून, आणि दोघांचेही आजोबा मोजताना म्हणे तिथे हजर होते. इंगिडाचं उत्तर वेगळं होतं. तो म्हणायचा, "जिथून मोजलं तिथली माणसं चालून चालून दमली आणि इथं बसली. आम्ही त्यांचीच औलाद. म्हणून तर आम्हाला इथून उठायचा कंटाळा."

त्याचा जन्म चौकाला लागूनच, छापखान्यामागच्या वस्तीतला. मातीच्या भिंती, पत्र्याची छपरं, आणि दोन घरांत एवढंच अंतर की एकीकडे कांदा परतला की दुसरीकडे डोळ्यांना पाणी यावं. चौकाच्या मधोमध विजयाचा उंच खांब आहे. इटालियन लोकांना हाकललं त्याची ती खूण. दरवर्षी त्या दिवशी म्हातारे सैनिक सिंहाच्या आयाळीचे टोप घालून तिथे जमायचे, पायथ्याशी फुलं वाहायचे, आणि मग एकेक जण इंगिडाच्या आईकडे इंजेराची आंबूस भाकरी खायला यायचा. त्या खांबाच्या सावलीत लहानाचा मोठा झालेला हा माणूस पुढे छापखान्यात कागदाचे गठ्ठे वाहू लागला. पण वस्तीत त्याला कुणी छापखान्यातला म्हणून ओळखत नसे. तो इदिरचा कर्णावाला होता.

इदिर म्हणजे मयतीला धावून येणारी शेजाऱ्यांची मंडळी. तंबू तिचा, बाकं तिची, मोठी पातेली तिची, आणि खांदाही तिचाच. आमच्याकडे भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलणार नाही, पण इदिर सोडणार नाही. कारण भावावाचून जगता येतं, इदिरवाचून मरता येत नाही. कुणी गेलं की उजाडायच्या आत इंगिडा जाड गाबी अंगाभोवती लपेटून बाहेर पडायचा, गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचा कर्णा फुंकायचा आणि गेलेल्याचं नाव पुकारायचा. एकदा त्यानं घोटाळा केला. वस्तीत दमिस्से नावाचे दोघं होते, गेला होता सुतार, आणि यानं पुकारला शिंपी. शिंपी दमिस्से अंगावरच्या चड्डीनिशी दारात आला आणि विचारू लागला, "गाशे, मी गेलो हे मला आधी सांगायचं होतं, बायकोला तरी उठवलं असतं." गाशे म्हणजे वडीलधाऱ्याला मान देऊन मारलेली हाक. या गोष्टीवर वस्ती पुढची कितीतरी वर्षं हसली, आणि इंगिडाची नि शिंप्याची जी दोस्ती जमली ती जमलीच.

कर्णा फुंकणं हे त्याच्या कामातलं सोपं काम. अवघड काम दुसरं. घरातलं कुणी दूरगावी, परमुलखात वारलं, तर ती बातमी घरच्यांना एकदम सांगत नाहीत. कळली तरी शेजारी तोंड मिटून बसतात. त्या दिवशी त्या घराला जेवू देतात, झोपू देतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे मिळून, एकाच वेळी, दारात उभे राहतात. माणसाला असली बातमी एकट्यानं ऐकू द्यायची नाही, एवढाच त्यातला अर्थ. कुणी समोर उभं राहतं, कुणी मागे, कोसळला तर धरायला. इंगिडा अशा कितीतरी दारांत सगळ्यांच्या पुढे उभा राहिला होता. पहाटे दारात इतकी माणसं एकदम दिसली की ऐकणाऱ्याला ऐकायची गरज उरत नाही.

चौकानं काय काय पाहिलं. विद्यार्थ्यांचे मोर्चे पाहिले, राजा गेलेला पाहिला, मग रणगाडे पाहिले. आणि मग लष्करी राजवटीची ती रक्तानं लाल वर्षं आली, तेव्हा सकाळी चौकात कुणाकुणाची पोरं पडलेली असायची आणि आयांना रडायची बंदी होती. तंबू ठोकायचा नाही, काळं घालायचं नाही, कर्णा तर नाहीच नाही. इंगिडा तरीही निघायचा. कर्णा गाबीच्या आत काखेत धरून गल्लीभर नुसता चालायचा. त्याची पावलं ऐकून लोक दाराच्या आतूनच समजायचे आणि उशीत तोंड खुपसून रडायचे. मला विचाराल तर त्या वर्षांत तो जितका मोठा कर्णावाला होता तितका नंतर कधीच नव्हता.

त्याला आणि वर्कनेशला उशिरा एक मुलगी झाली, फिकिर्ते. तोवर राजवट बदलली होती आणि चौकात वर्तमानपत्रांचा बाजार भरू लागला होता. अरात किलोत पेपर विकत कोण घेतो? भाड्यानं घ्यायचा, फुटपाथवर बसून वाचायचा आणि परत करायचा. शिकलेली बेकार पोरं ओळीनं दगडांवर बसून नोकरीच्या जाहिराती वाचत. फिकिर्तेही दोन वर्षं त्या ओळीत बसली. इंगिडा गठ्ठे वाहताना तिच्याकडे बघायचा. आपण वाहिलेल्या कागदावर आपल्या पोरीचं नाव कुठंच छापून येत नाही, हे त्याला फार लागायचं. शेवटी ती बैरूतला कुणाच्या घरी मोलकरीण म्हणून गेली. दोन वर्षांनी येते म्हणाली, त्याची सात झाली. पण दर रविवारी, चर्चमधून आई घरी आली की, तिचा फोन न चुकता यायचा.

मग वस्ती पाडायचं ठरलं. चौकाजवळची जागा सोन्याच्या मोलाची, तिथे चिखलाच्या भिंती किती दिवस राहणार? घरं मिळाली, नाही असं नाही. पण ज्याच्या चिठ्ठीत जे निघालं तिथे त्यानं जायचं. शिंपी दमिस्से शहराच्या एका टोकाला जेमोला गेला, अंडी विकणारी म्हातारी येतनायेत दुसऱ्या टोकाला, आणि इंगिडा-वर्कनेश तुलू दिमतूला, तिसऱ्या मजल्यावर. कुणाचा कुणाला पत्ता राहिला नाही. ज्या दिवशी बुलडोझर आला त्या दिवशी वर्कनेशनं घराचं दार उचकटून काढलं आणि ट्रकमध्ये घातलं. नव्या घराला दार होतं. जुनं गॅलरीत उभं करून ठेवलं, आणि लाद्या पुसताना ती त्यालाही पुसायची.

तुलू दिमतूला इंगिडानं कर्णा एकदाच फुंकला. जुन्या वस्तीतला एक जण त्याच आवारात वारला होता. वरच्या मजल्यावरून एका तरुणानं डोकं बाहेर काढून अगदी नम्रपणे सांगितलं की बाबा, लेकरू झोपलंय, मेसेज टाका ना. वाईट काहीच बोलला नाही बिचारा. वाईट बोलला असता तर इंगिडाला भांडता तरी आलं असतं.

इदिरचा नवा कारभारी बिरूक, जुन्या वस्तीतलाच मुलगा, पोटापाण्यासाठी ड्रायव्हर. त्यानं सगळ्यांचा फोनवर ग्रुप केला. मयत झाली की ग्रुपवर यायचं, मग हात जोडलेली चित्रं यायची, आणि खांद्याला मोजकी माणसं यायची. दोन बस बदलून पहाटे कोण येणार? हळूहळू बोलणं सुरू झालं की इदिर मोडून टाकू, ज्यानं त्यानं आपल्या नव्या ठिकाणचा धरावा. हे ऐकून इंगिडाच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानं एकेकाला फोन लावले. मोडायचा तर मोडा, पण एकदा सगळे माझ्या घरी या, तोंडावर बोला, कुठलाही रविवार चालेल. सगळे हो म्हणाले. पुढच्या रविवारी, गाशे. सणानंतर, गाशे. गुडघे बरे झाले की येतो, गाशे. दर शनिवारी तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणायचा आणि दर सोमवारी परत करायचा. वर्कनेश एकदा म्हणाली, "या खुर्च्यांना आता जिना पाठ झालाय." तो हसला नाही.

त्यातच फिकिर्तेचा फोन येईना. एक रविवार गेला, दोन गेले. पाठवणाऱ्या एजंटानं सांगितलं, मालकिणीनं फोन काढून घेतला असेल, तिथं असं करतात. इंगिडानं ते धरून ठेवलं. वर्कनेशनं धरलं की सोडलं, कळायला मार्ग नव्हता. ती फक्त चर्चला लवकर जाऊ लागली.

आणि एका रविवारी, धड उजाडलंही नव्हतं, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. एकदोघांची नव्हेत, पुष्कळांची. इंगिडानं दार उघडलं, तर समोर सगळी वस्ती. बिरूक, येतनायेत, छापखान्यातले दोघं, कोपऱ्यावरची कॉफीवाली, आणि मागे शिंपी दमिस्से धापा टाकत. बिरूकनं मिनीबस घेऊन सगळ्या शहराचा फेरा मारून एकेकाला उचललं होतं.

आता काय सांगावं? या कामात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला बघताक्षणी कळायला हवं होतं. पण सहा महिने माणूस ज्या पावलांची वाट बघतो ती पावलं वाजली की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. इंगिडाचा चेहरा असा उजळला की बिरूकनं मान खाली घातली.

"आलात एकदाचे," तो म्हणाला. "मला वाटलं मला पोचवायलाच याल. या, या, आत या. आणि मढंसुद्धा तीन मजले चढून आलं की." हे दमिस्सेला. दमिस्से हसला नाही. इंगिडाच्या ते लक्षातही आलं नाही. तो खुर्च्या मांडत सुटला, येतनायेतला भिंतीशी बसवलं, बिरूकला दटावलं की बैठक ठेवायची तर आदल्या दिवशी सांगावं, पाव तरी भाजून ठेवला असता. इदिर मोडायचा विषय आज काढायचाच नाही, आधी खाऊ-पिऊ, असंही त्यानं ठरवून टाकलं. बिरूक दोनदा बोलायला गेला आणि दोनदा थांबला. दमिस्से तर बस म्हटलं तरी बसेना, इंगिडा जाईल तिकडे त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राही. "अरे, तू काय माझी सावली आहेस?" इंगिडा म्हणाला. "बस की, गुडघे दुखत होते ना?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून वर्कनेश आली. चर्चला जायला पांढरी ओढणी डोक्यावर घेतलेली. ती दारातच थांबली. तिनं येतनायेतकडे पाहिलं, मग बिरूककडे, मग एकेकाकडे. सगळ्यांनी नजर खाली वळवली.

"वर्कनेश, कॉफी ठेव," इंगिडा म्हणाला. "सगळे आलेत बघ. एकूण एक."

"बघितलं," ती म्हणाली.

"मग उभी काय राहिलीस?"

"इंगिडा, ती खुर्ची ठेव खाली."

"अगं, दमिस्से उभा आहे अजून."

"ठेव खाली. ही माणसं बैठकीला नाही आली." तिचा आवाज चढला नव्हता. भिंतीला हात टेकून ती सावकाश खाली बसली. "बाहेर बघ किती अंधार आहे. एवढ्या लवकर आपण कुणाच्या दारी जायचो रे? आपल्याला एकच तर होती."

इंगिडा खुर्ची हातात धरून बिरूककडे बघत राहिला. बिरूकनं मान हलवली, आणि येतनायेतनं पहिला हंबरडा फोडला. मग इंगिडाच्या हातून खुर्ची सुटली आणि तो खाली कलला. पण तो पडला नाही, कारण दमिस्सेचे दोन्ही हात आधीच त्याच्या काखेत आले होते.